तिरफळांनी घालवलेली खोली

परवा मृणाल, माझी मुलगी, माटुंग्याच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि हातातला फोन माझ्या नाकासमोर धरून मला एक आकडा दाखवत होती. परळला भाड्याचा एक फ्लॅट तिला आणि जावयाला पसंत पडला होता. डिपॉझिटची सोय झाली होती, कुठल्या भिंतीला काय लावायचं यावर दोघांची भांडणंही होऊन गेली होती, आणि मग मालकाने तिचा क्रेडिट स्कोअर मागितला. तो पडलेला निघाला. का, तर ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या कर्जावर हिची सही होती आणि मैत्रिणीने हप्ते थकवले. 'मी कुणाचा एक रुपया बुडवला नाही गं आई,' ती म्हणाली, 'तरी तो माणूस असा बघत होता, जशी मी त्याचं कपाट फोडायला आलेय.' मग पातेल्यातलं वाटण बोटाने चाटत म्हणाली, 'तुमच्या वेळी बरं होतं. असलं काही नव्हतं.' मला हसू आलं. तिला वाटलं मी तिलाच हसतेय, म्हणून ती रुसली. खरं म्हणजे मला बाबा आठवले होते, आणि गिरगावातली ती गॅलरी.

आमच्या वेळी आकडा नव्हता हे खरं. पण माणसाची पत घरोघरी माहीत असायची आणि ती फोनपेक्षा जलद पोचायची. माझे बाबा माझगावला गोदीत फिटर होते. लोखंडाचा एक वास त्यांच्या हाताला कायमचा बसला होता. रॉकेल, साबण, लिंबाची साल, काही केल्या तो जायचा नाही, आणि मला तो आवडायचा. कामात हुशार, बोलायला कमी, आणि एकच गोष्ट त्यांना आयुष्यात जमली नाही, ती म्हणजे समोर आलेल्या माणसाला नाही म्हणणं. त्यांच्या शेजारच्या लेथवर शिरसाट नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं, जामीन म्हणून बाबांनी सही केली, आणि शिरसाट एक दिवस गावी म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. पतपेढीच्या वार्षिक सभेत, चिवड्याच्या पुड्या वाटून झाल्यावर, थकबाकी वाचताना कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव मोठ्याने वाचलं गेलं. बाबा तिथेच बसले होते. घरी आल्यावर त्यांनी चिवड्याची पुडी माझ्या हातात दिली, ती तशीच बांधलेली होती.

लालबागच्या चाळीतली आमची खोली त्या कर्जात गेली. मी जन्मले ती खोली. बाबांनी पागडी घेऊन ती दुसऱ्याला दिली, पतपेढीचं सगळं देणं चुकतं केलं आणि आम्ही तिघं त्याच नाक्यावर, दोन चाळी पलीकडे, आत्याकडे राहायला गेलो. शिरसाटांना बाबांनी कधी शिवी दिली नाही. आई मात्र द्यायची, तोंड भरून, मालवणीत, आणि बाबा कुठल्यातरी तिऱ्हाइताबद्दल ऐकावं तसे ऐकत बसायचे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती खानावळ चालवायची. तिच्या एका खोलीत सकाळ-संध्याकाळ गावाकडचे एकटे राहणारे बापये पंगतीने जेवायला यायचे. पंगत बसायची वेळ झाली की आम्ही आमच्या वळकट्या, माझं दप्तर, आईची शिवणाची पिशवी असं सगळं उचलून बाहेर. मी जिन्यात बसून अभ्यास करायचे. आतून वाढप्याच्या हाका, भाताच्या मोठ्या टोपाचा खरवडण्याचा आवाज, तळलेल्या सुक्या बोंबलांचा वास, आणि माझ्या मांडीवर भूगोल. अजूनही कुठे बोंबील तळले जात असले की मला महाराष्ट्रातल्या नद्या आठवतात. आत्याने आम्हाला कधी जड मानलं नाही. तोंडाने फटकळ होती, पण भावाच्या ताटातला भात कधी कमी झाला नाही. दुःख आईचं होतं. स्वयंपाकघर आत्याचं, चूल आत्याची, कालवणात काय किती पडणार हे आत्या ठरवणार. आईने फक्त चिरायचं आणि वाटायचं. जिच्या हातच्या बांगड्याच्या कालवणासाठी आमची अख्खी जुनी चाळ वाटी घेऊन यायची, ती बाई वर्षभर दुसऱ्याच्या स्टोव्हसमोर कांदे चिरत बसली. रडली तरी कांद्याच्या नावावर खपून जायचं.

बाबा रविवारी खोल्या बघायला जायचे, बरोबर मला न्यायचे. परळ, करी रोड, दादर, कुठेकुठे हिंडलो. खोली असायची, भाडं परवडणारं असायचं, बोलणं जमत यायचं आणि मग मालक विचारायचा, 'आधी कुठे होतात? ती खोली का सोडली?' बाबांना खोटं बोलता यायचं नाही. ते सगळं सांगायचे, वर सांगायचे की देणं फिटलंय. मालक मान डोलावून म्हणायचा, कळवतो. परत येताना बाबा मला काहीतरी खायला घ्यायचे आणि आम्ही त्या खोलीतले दोष काढायचो. नळ लांब होता. जिना अंधारा होता. बरं झालं नाही मिळाली ते. असे दोष काढता काढता मुंबईतल्या पुष्कळ चांगल्या खोल्या आम्ही नापसंत केल्या.

गिरगावातल्या खोलीत मात्र आम्हाला दोष सापडेना. एका आडव्या गल्लीत दुमजली घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांना लागून लाकडी कठड्याची एक गॅलरी. फार मोठी नव्हती, एक खुर्ची आणि एक माणूस मावेल एवढीच. पण ती फक्त त्या बिऱ्हाडाची होती. समोर कुणाच्या तरी अंगणातलं बकुळीचं झाड, खाली गल्लीत सायकलीला कणकेचा डबा बांधून जाणारा गिरणीवाला, आणि दुपारचं ऊन कठड्याच्या गजांतून येऊन फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. मी त्या पट्ट्यांवर जाऊन बसले आणि उठेचना. इथे खुर्ची, इथे दप्तर, इथे उदबत्तीचं घर, असं माझ्या मनात सगळं लागूनही गेलं. तिथे बसल्यावर मला कुणी उठवणार नव्हतं, कुणाची पंगत बसणार नव्हती. आज माझ्या घराला दोन गॅलऱ्या आहेत आणि दोन्हींत वाळत घातलेले कपडे आहेत. मला अजून तीच हवी आहे.

घर तळपदेबाईंचं होतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, खाली त्या एकट्या राहायच्या आणि वरच्या भाड्यावर त्यांचं घर चालायचं. पाठारे प्रभू, बोलणं स्वच्छ आणि सावकाश, कपाळ मोकळं, पांढरं पातळ कडक इस्त्रीचं. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळं सांगून टाकलं. मी गॅलरीतून कान देऊन होते. बाई म्हणाल्या, 'सांगितलंत हे बरं केलंत. मला ते आधीच कळलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.' मग म्हणाल्या, 'मी असं करते, एकदा तुमच्याकडे येऊन जाते. माणसं घरात कशी राहतात ते बघितलं की मला समजतं. मग सांगते.' बाबा म्हणाले, 'पण घर माझ्या बहिणीचं आहे. आम्ही तिथे असेच...' 'असू दे की,' बाई म्हणाल्या. 'माणसं तर तुम्हीच ना?'

घरी येऊन हे आईला सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी नाही न म्हणता 'येते' म्हणालं होतं. मुलगी बघायला येणाऱ्यांमुळे धांदल उडावी तशी तिची झाली. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ती हिंदमाताला गेली आणि तिथल्या एका दुकानात कटपिसांच्या ढिगात हात घालून तिने पडद्याचं कापड काढलं. पांढरं, त्यावर बारीक पिवळी फुलं. 'गॅलरीच्या दाराक होयत ना गो?' तिने मला विचारलं. मी दाराची उंची हाताने दाखवली, तिने कापड माझ्या हातांच्या अंतराला लावून बघितलं. खोली मिळायची होती, बाई यायच्या होत्या, आणि आम्ही दोघी हिंदमाताच्या फुटपाथवर उभ्या राहून त्या दाराचं माप घेत होतो. बाबांना कापड दाखवलं नाही. ते आईने वळकटीत, अगदी मध्ये, गुंडाळून ठेवलं.

ठरलेल्या रविवारी आत्याने खानावळ बंद ठेवली. हे तिने आपणहून केलं, आणि जेवायला येणाऱ्यांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, 'एक दिस वडापाव खावा. मरूचास नाय.' स्टोव्ह आईच्या हवाली करून ती कोपऱ्यात सुपारी कातरत बसली. बाबांचं म्हणणं होतं की चहा आणि पोहे पुरेत. आई म्हणाली, 'जेवणाच्या वक्ताक येतली ती. पोह्यांवर धाडतंय की काय तिका?' घरासाठी बांगडे आले होतेच. पण पाहुणीच्या पानात बांगडा वाढायचा हे आईला पटेना. चंद्राबाय कोळीण रोज माझगावहून पाटी घेऊन आमच्या चाळींत यायची. तिला सगळ्यांची सगळी घरं ठाऊक. तिने पाटीतलं मोठं पापलेट काढून आईसमोर ठेवलं. आई म्हणाली, 'आज नाय गो. आज जमूचा नाय.' चंद्राबायने पाटी डोक्यावर चढवलीसुद्धा होती. 'ठेव गो. पैशे कुठे पलून चाललेत. घर होऊं दे, मंग गच्चीत बसवून मला चा पाज.' गच्ची नव्हे, गॅलरी, असं मला सांगायचं होतं, पण ती निघून गेली.

त्या दिवशीचं आईचं रांधणं मला आजही तसंच्या तसं दिसतं. वर्षभर कोंडलेली बाई मोकळी झाली होती. खोबरं तिने स्वतः खवलं, मिरच्या भिजवल्या, पाट्यावर वाटण वाटताना पुटपुटत गाणंसुद्धा म्हणाली. पापलेटाचे तुकडे मीठमसाला लावून तळणीसाठी ठेवले, आणि बांगड्याच्या कालवणाला उकळी आल्यावर गावाहून आलेल्या पुरचुंडीतली तिरफळं, मिऱ्यांसारखी ती वाळवलेली रानफळं, मूठभर ठेचून त्यात टाकली. खोलीभर तो वास पसरला. ज्यांना तिरफळ माहीत नाही त्यांना तो वास सांगता येणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगावा लागणार नाही. आत्याला तिरफळ आवडायचं नाही, तिच्या खानावळीत ते कधी पडत नसे. त्यामुळे त्या वासाबरोबर आमची जुनी खोलीच घरात आली असं मला वाटलं. बाबा दाढी करत होते, ते हातात वस्तरा धरून तसेच थांबले. आत्यासुद्धा म्हणाली, 'वास बरो येता हां.'

तळपदेबाई आल्या, खुर्ची नको म्हणत पाटावर बसल्या, घरभर न बघता फक्त आमच्याकडे बघत राहिल्या. बोलणं छान चाललं. प्रभूंच्या घरचं म्हावरं आणि आमचं, कोकम कुठे आणि चिंच कुठे, यावर आईची आणि त्यांची चांगली जुंपली. बाईंच्या पानात पापलेटाचे मधले तुकडे पडले. बाबांच्या पानात शेपटीकडचा एक. आत्या नंतर बसणार होती, आई तर नंतरच. माझ्या पानात बांगड्याचं कालवण आणि भात. बाईंनी विचारलं, 'तू नाही घेतलंस पापलेट?' आईने सकाळीच शिकवून ठेवलं होतं तसं मी म्हणाले, 'मला आवडत नाही.' मग त्यांनी माझ्या पानाकडे बोट करून आईला म्हटलं, 'मला तेच थोडं वाढा. वास तर त्याचाच येतोय.' आईचा चेहरा फुलला. तिने चांगली वाटी भरून कालवण वाढलं.

आमच्याकडे तिरफळ खात नाहीत. ते कालवणात उतरतं, वास देतं, आणि पानात आलं की बोटाने कडेला सारायचं. हे कुणी कुणाला सांगत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं, पानाच्या कडेला तिरफळांची रांग लावतच मी मोठी झाले होते. त्यामुळे बाईंना हे सांगायला हवं हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांनी भाताबरोबर दोनतीन तिरफळं सरळ तोंडात टाकली आणि चावली. आधी त्यांचे डोळे मोठे झाले. मग ओठ थरथरायला लागले, जीभ बधिर झाली, त्यांना बोलता येईना. आई पाणी घेऊन धावली, पाण्याने ते आणखी चढलं. आत्याने साखर आणली. बाबा अर्धे उठून तसेच वाकून उभे. शेवटी बाईंना हसू आलं. डोळ्यांतलं पाणी पुसत, जड झालेल्या जिभेने त्या म्हणाल्या, 'अहो, काय विष घालताय का मला?' सगळे हसलो. आई हसली नाही. ती त्यांच्या पानातून एकेक तिरफळ वेचून काढत राहिली, आणि तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

निघताना बाबा आणि मी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेलो. टॅक्सी मिळेना, तसे आम्ही एका बंद दुकानाच्या सावलीत उभे राहिलो. बाईंनी एकदम सुरुवात केली. 'मला खोटं सांगता येत नाही, तुमच्यासारखंच. खोली मी तुम्हाला देणार नाही.' मी त्यांचं बोट धरण्याच्या वयाची नव्हते, तरी धरलं. बाई म्हणाल्या, 'तुम्ही वाईट माणसं असतात तर मला सोपं गेलं असतं. ते पापलेट उसनं होतं ना?' बाबा म्हणाले, 'हो.' 'मला वाटलंच. पोरीला आवडत नाही म्हणे. पापलेट न आवडणारी कोकणातली पोरगी मी तरी पाहिली नाही.' त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'तुम्हाला दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या बायकोलाही नाही. उद्या आणखी कुणी शिरसाट येईल आणि तुम्ही परत सही कराल. मग माझं भाडं कुठून येणार? मी एकटी बाई आहे हो. मला दुसरं काही नाही.' बाबा म्हणाले, 'खरं आहे तुमचं.' टॅक्सी आली. तिचं दार बाबांनी उघडून धरलं.

परत येताना बाबांनी मला उसाचा रस घेऊन दिला. त्या खोलीचे दोष आम्ही काढले नाहीत. चाळीच्या जिन्याशी आल्यावर ते म्हणाले, 'आईला हे सांगायचं नाही. तिने एवढ्या हौसेने केलंय. त्यांचा पुतण्या राहायला येणार आहे असं सांगू.' आम्ही तसं सांगितलं. आई घासलेल्या भांड्यांच्या ढिगाशी बसली होती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. 'पुतण्याबितण्या काय नाय,' ती म्हणाली. 'माझ्या तिरफळांनी घालवल्यानी खोली.' बाबा म्हणाले, 'तसं काही नाही गो.' पण ते अशा आवाजात म्हणाले की मलासुद्धा खरं वाटलं नसतं.

माझगावला आम्हाला खोली मिळाली ती पुढे, आणि ती चंद्राबायमुळे. तिच्या ओळखीच्या एका ख्रिश्चन म्हाताऱ्याला तिने सांगितलं, ह्यांना दे, मी सांगते. त्याने एवढ्यावर दिली. एकच खोली, खिडकीखाली बोळ, गॅलरी नाही. पडद्याचं कापड वळकटीतून निघालं तेव्हा ते खिडकीला खूपच लांब झालं. आईने कापून उरलेल्यातून माझ्या उशीला अभ्रा शिवला. त्या पिवळ्या फुलांवर डोकं ठेवून मी कितीतरी वर्षं गिरगावात झोपले. घर झाल्यावर चंद्राबाय चहाला आली, पापलेटाचे पैसे घेईना, आईने ते तिच्या पाटीत टाकले. स्वयंपाकघर आता आईचं होतं. बांगड्याचं कालवण पुन्हा होऊ लागलं, लोक पुन्हा वाटी घेऊन येऊ लागले. पण त्यात तिरफळ पडलं नाही. गावाहून पुरचुंडी आली की आई ती चंद्राबायला किंवा शेजारी देऊन टाकायची. मी एकदा मागितलं तर म्हणाली, 'होया कित्याक? घर जाऊक?' बाबा समोर जेवत होते. त्यांनी भात कालवला आणि खाल्ला. तिरफळाविना बांगडा म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला विचारा. बाबांनी तो वर्षानुवर्षं खाल्ला आणि कसा झालाय म्हणून आईने विचारलं की म्हणायचे, बरो झालो.

मृणालला हे सगळं मी परवा सांगितलं. ती रुसवा विसरून ओट्यावर चढून बसली होती. तिने विचारलं, 'मग आजोबांनी खरंच पुन्हा सही केली?' केली ना. माझगावला जाऊन वर्ष झालं नसेल, गोदीतल्याच एका माणसाच्या मुलीचं लग्न होतं. आई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. त्या माणसाने मात्र सगळं फेडलं आणि शेवटचा हप्ता भरून झाला त्या दिवशी नारळ आणि पेढे घेऊन घरी आला. बाबा त्याला नाक्यापर्यंत सोडायला गेले. तळपदेबाईंनी ओळखलं होतं ते बरोबरच होतं, आणि तरी त्यांचं भाडं बुडालं नसतं. हे त्यांना कुणी सांगणार नव्हतं. नोकरीला लागल्यावर मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या गल्लीतून जायचे. गॅलरीत कधी लहान मुलाचे लंगोट, कधी लोणच्याची बरणी उन्हात. गेल्या वर्षीही गेले होते. आता तिला काचेच्या सरकत्या खिडक्या लावल्यात. बकुळ आहे.

माझं लग्न होऊन मृणाल चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बाबा तापातून उठले होते आणि त्यांच्या तोंडाची चव गेली होती. मी चार दिवस माझगावला राहायला गेले होते. आईने बांगडे आणले, कालवण केलं, आम्ही दोघं जेवायला बसलो. बाबांनी एक घास घेतला आणि ताटाकडे बघत बसले. मग आजारी माणूस जसा हट्टाने बोलतो तसे म्हणाले, 'दोन तिरफळां घाल गो ह्यात.' आई म्हणाली, 'तिरफळांचा नाव काढू नकात. तेंनी खोली घालवल्यानी.' आणि बाबा, ज्यांनी तोपर्यंत हे वाक्य कितीदा ऐकून गिळलं होतं, ते म्हणाले, 'तिरफळांनी नाय. माझ्यामुळे गेली. आपल्या दोघांमुळे.'

मग त्यांनी सांगितलं. नाका, बंद दुकान, पापलेट, शिरसाट, सगळं. मधे थांबले की मी पुढचं सांगायचे, कारण मला ते शब्दन्शब्द पाठ होतं. आई पळी हातात धरून ऐकत होती. आता ती रडेल असं मला वाटलं, किंवा बाईंना शिव्या देईल. तिने विचारलं, 'नाय म्हणूक येणा नाय, असा म्हणाली ती?' बाबा म्हणाले, 'हो.' 'मगे खराच म्हणाली की,' आई म्हणाली. मग बाबांकडे वळली आणि तिचा आवाज फाटला.

'आणि तुम्ही इतकी वर्सां ह्या बेचव कालवण गप कित्याक खाल्लात?'

आईला दुःख खोलीचं नव्हतंच आता, ते या कालवणाचं होतं. ती उठली, शेजारच्या घरी गेली आणि आपणच कधीतरी दिलेल्या पुरचुंडीतली उरलेली तिरफळं मागून घेऊन आली. आमची ताटं उचलून कालवण परत टोपात ओतलं, तिरफळं ठेचून घातली आणि उकळी येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. वास सुटला. मी डोळे मिटले आणि गजांतून आलेलं ते ऊन माझ्या मांडीवर पडलं. या वेळी गॅलरीत माझ्या शेजारी आई बसली होती, आणि खाली फरशीवर पाय सोडून बाबा.

आईने वाढलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्याबरोबरच बसली. आम्ही तिघंही तिरफळं कडेला सारत जेवलो. शेवटी बाबांनी त्यांतलं एक परत उचललं, तोंडात टाकलं आणि चावलं. त्यांचे ओठ बधिर झाले, डोळ्यांत पाणी आलं. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.